छोट्या मंडळीने ईस्टर आणि नाताळ कसा साजरा करावा

हा लेख तीस ते साठ माणसांच्या मराठी ख्रिस्ती मंडळीसाठी, म्हणजे छोट्या चर्चसाठी आहे. कोपरखैरण्यात शाळेचा हॉल रविवारपुरता भाड्याने घेणारी, कळव्यात पाळकांच्याच घरी जमणारी, घणसोलीत गाळ्यात भरणारी मंडळी. गायकगट म्हणजे चार बायका आणि एक हार्मोनियमवाला. हिशेब ठेवणारा आणि चटया उचलणारा माणूस बहुधा एकच. अशा मंडळीने मोठ्या चर्चचा कार्यक्रम जसाच्या तसा उचलला, तर सण संपेपर्यंत सगळे थकून जातात आणि उपासना राहते बाजूला.

माझं म्हणणं आधीच सांगतो. वर्षाचं नियोजन ईस्टरपासून सुरू करा, नाताळपासून नको. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. स्टार, केक, नाटिका, मुलांची बक्षिसं, जेवण यांत डिसेंबरातच निधीही संपतो आणि माणसांचा उत्साहही. मग मार्च-एप्रिलमध्ये शुभ शुक्रवारची एक लांबलचक उपासना होते, आणि ईस्टरचा रविवार चार नवी गायनं सोडली तर नेहमीच्या रविवारासारखाच जातो. ख्रिस्तजन्माची कथा चारपैकी दोनच शुभवर्तमानांत आहे, मत्तय आणि लूक यांत. दुःखसहन आणि रिकामी कबर मात्र चारही सांगतात. पौल तर करिंथकरांना स्पष्टच लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे.

दुसरं कारण रेल्वेच्या तिकिटांचं आहे. नाताळात अर्धी मंडळी गावी असते. अहिल्यानगर, श्रीरामपूर, संगमनेर, जालना इथे आईवडील, जुनं चर्च, भावकी. वीस-बावीस डिसेंबरला माणसं बॅगा भरतात ती दोन-तीन जानेवारीलाच उघडतात. ईस्टरला शाळांच्या परीक्षा असतात, रजा मिळत नाही, म्हणून सगळे इथेच असतात. ज्या सणाला आपली सगळी माणसं हजर असतात त्याला आपली सगळी ताकद द्यावी. नाताळ शेजाऱ्यांसाठी दार उघडं ठेवण्याचा सण म्हणून साधा ठेवावा. पुढचं सगळं या हिशेबाने मांडलं आहे.

पायरी पहिली: काय पाळायचं, काय नाही, हे बसून ठरवा

शहरातल्या छोट्या मंडळीत माणसं दहा ठिकाणांहून आलेली असतात. कुणी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या वळणात वाढलेलं, कुणी मेथॉडिस्ट, कुणी मुक्तिफौजेतलं, कुणी पेंटेकॉस्टल, आणि काही घरातले पहिलेच विश्वासी. एकाला लेंटशिवाय, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाशिवाय, ईस्टर अपुरा वाटतो, तर दुसऱ्याला पंचवीस डिसेंबर ही तारीखच शास्त्रात (बायबलात) नाही म्हणून खटकते.

खटकणाऱ्याचं म्हणणं खोटं नाही. ख्रिस्तजन्माची तारीख शास्त्रात दिलेली नाही. पंचवीस डिसेंबरची सगळ्यात जुनी नोंद चौथ्या शतकातल्या रोममधली आहे. पुनरुत्थानाचा सण त्याहून बराच जुना. तो कोणत्या दिवशी पाळायचा यावर दुसऱ्या शतकातच मंडळ्यांमध्ये वाद चालू होते, आणि इ. स. ३२५च्या निकीया परिषदेने तो सगळ्यांनी एकाच रविवारी पाळावा असं ठरवलं. एवढी माहिती पाळकांनी शांतपणे समोर ठेवली की निम्मा वाद तिथेच थंडावतो. उरलेल्या निम्म्यासाठी रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय आहे. कुणी एखादा दिवस विशेष मानतो, कुणी सगळे दिवस सारखे मानतो, आणि दोघंही ते प्रभूकरता करतात.

बैठकीला नुसते वडील, म्हणजे मंडळीचे पुढारी, नकोत. दोन बायका, एक कॉलेजातलं पोर आणि पहिल्या पिढीतला एक विश्वासी असू द्या. कागदावर तीन यादी करा: मंडळी म्हणून करायचं ते, ज्याला हवं त्याने घरी करायचं ते, आणि उपासनेत नको ते. सांताक्लॉज मी तिसऱ्या यादीत टाकतो. मुलांच्या खेळाच्या दिवशी आला तर हरकत नाही, उपासनेच्या वेळी नको. झाडाला माझा विरोध नाही, पण लहान हॉलमध्ये ते चार खुर्च्यांची जागा खातं. राख बुधवारी (लेंटच्या पहिल्या दिवशी) कपाळावर राख लावायची की नुसता उपवास आणि प्रार्थना, हेही इथेच ठरवा. निर्णय वहीत लिहा आणि खाली तारीख घाला. तसं केलं नाही तर हाच वाद दर डिसेंबरात पहिल्या पानापासून सुरू होतो.

पायरी दुसरी: तारखा, आणि त्यांच्या शेजारी काय आहे ते

ईस्टरचा नियम असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही येतो. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, २०२८ मध्ये १६ एप्रिलला. भिंतीवरच्या कालनिर्णयात तारीख छापलेली असतेच, पण हॉल वर्षभर आधी धरायचा तर दोन-तीन वर्षांच्या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात.

या नियमाचा इथे एक वेगळाच परिणाम होतो. ईस्टर पौर्णिमेच्या मागोमाग येतो, म्हणजे जवळपास होळी तरी असते नाहीतर हनुमान जयंती. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला आणि शुभ शुक्रवार ३ एप्रिलला असा लागूनच आला. मंडपवाला, साऊंडवाला, खुर्च्यांचा टेम्पो सगळे आधीच ठरलेले असतात. २०२७ मध्ये झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आदला रविवार) २१ मार्चला, होळीच्या ऐन तोंडावर आहे. त्या दिवशी संध्याकाळचा कार्यक्रम ठेवू नका, सकाळीच आटपा.

२०२८ साठी तर आत्ताच विचार हवा. त्या वर्षी शुभ शुक्रवार १४ एप्रिलला येतो, डॉ. आंबेडकर जयंतीच्या दिवशी. आपल्या मराठी मंडळ्यांमध्ये अशी कितीतरी घरं आहेत ज्यांना हे दोन्ही दिवस आपले वाटतात, आणि त्यांच्या शेजारची, नात्यातली माणसं तर मिरवणुकीतच असणार. एक दिवस शोकाचा, एक जल्लोषाचा. उपासना दुपारी तीनपर्यंत संपवावी, मिरवणुकीच्या रस्त्यावरचा हॉल टाळावा, आणि संध्याकाळी कोण कुठे गेलं याची चौकशी कुणी करू नये.

नाताळची तारीख ठरलेली, पण हॉलची अडचण आहेच. डिसेंबरात लग्नसराई असते आणि मुहूर्ताच्या दिवशी सोसायटीचा हॉलसुद्धा मिळत नाही. मंडळीच्या बैठकीत पंचांग उघडून मुहूर्त बघावे लागतात, याला इलाज नाही.

पायरी तिसरी: माणसं मोजा

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक कागद फिरवा. त्यावर नाव, गावी जाणार का, कामाची पाळी कोणती, येताना गाडी कोणती, एवढंच विचारा. आपल्यात नर्सिंग करणाऱ्या बायका आहेत, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत पाळीने जाणारे आहेत, मॉलमध्ये काम करणारी पोरं आहेत. मॉलवाल्यांना पंचवीस डिसेंबरला रजा मागायचीही सोय नसते. त्यांच्यासाठी आदल्या संध्याकाळची उपासना हीच मुख्य उपासना. घरात एकटीच विश्वासी असलेल्या बाईला सकाळी सातला निघता येतं का, तेही वेगळं विचारावं, आणि ते चारचौघांत नाही, पाळकांच्या बायकोने फोनवर.

कागद भरून आला की कार्यक्रमाचा आकार आपोआप ठरतो. नाताळला इथे अठराच जण उरणार असतील तर दोन तासांची नाटिका कुणासाठी?

पायरी चौथी: जागा, परवानगी, आवाज

बंद हॉलमध्ये नेहमीची उपासना असेल तर हॉलमालकाची किंवा सोसायटीची लेखी संमती पुरते. शाळेचा हॉल असेल तर शुभ शुक्रवार आणि नाताळ या दोन्ही दिवशी शाळा बंद असते. म्हणजे जागा मोकळी मिळते, पण शिपाईही सुट्टीवर असतो. चावी, पंख्यांचा मेन स्विच आणि पाण्याची टाकी यांची आदल्या दिवशीच खात्री करा.

मैदान, बाग, रस्ता किंवा गच्ची घ्यायची असेल तर वेगळा रस्ता आहे. जागेच्या मालकाकडे (महापालिका, सिडको किंवा सोसायटी) अर्ज, मंडप घालणार असाल तर त्याची आणि अग्निशमन दलाची परवानगी, आणि स्थानिक पोलीस ठाण्यात पत्र. पत्र साधं असावं: कोण, किती माणसं, कुठे, किती ते किती, जबाबदार दोघांची नावं आणि फोन. महिनाभर आधी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. ती प्रत कार्यक्रमाच्या दिवशी खिशात असावी. कुणी काही विचारलं तर आवाज न चढवता कागद दाखवता येतो.

लाऊडस्पीकरचा नियम सगळ्यांनी पाठ करावा. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही, आणि दिवसाही त्याला परवानगी लागते. बंद सभागृहात, आवाज आतल्या आत राहील अशी सोय असेल तर गोष्ट वेगळी. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. नाताळचा दिवस त्या यादीत आहे का, ते जिल्हाधिकाऱ्यांच्या त्या वर्षीच्या आदेशात बघून घ्यावं. मागच्या वर्षी होता म्हणून धरून चालू नये. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. चाळीस माणसांना एवढ्याशा हॉलमध्ये दोन मोठे स्पीकर लागतातच कशाला, हा माझा जुना प्रश्न आहे. हार्मोनियम, ढोलकी आणि झांज असली की मराठी गायन आपलं आपण उचललं जातं.

पायरी पाचवी: पवित्र आठवडा

लेंटच्या चाळीस दिवसांत छोट्या मंडळीने रोज काही ठेवू नये. आठवड्यातून एक घर, बुधवारी किंवा शुक्रवारी रात्री साडेआठला, तासभर. त्याआधी ठेवलं तर ऑफिसातून माणूस पोचत नाही. मुलांच्या रविवारच्या वर्गात याच दिवसांत ठाण्याची एक गोष्ट सांगता येते. १३२१ सालच्या एप्रिलमध्ये तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन फ्रान्सिस्कन सोबती यांना याच ठाण्यात विश्वासासाठी ठार मारण्यात आलं. पोरांना वाटत असतं की शहिदांच्या गोष्टी सगळ्या रोमच्याच.

झावळ्यांच्या रविवारी नारळाच्या झावळ्या किंवा शिंदीच्या पात्या लागतात. रस्त्यातल्या किंवा सोसायटीतल्या झाडावर पोरं चढवू नका. नागरी क्षेत्रातली झाडं तोडायला किंवा छाटायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, त्यासाठी १९७५चा कायदा आहे. गळून पडलेली झावळी किंवा फुलबाजारातून आणलेली पानं पुरेत. ठाण्यात जांभळी नाक्याला आदल्या संध्याकाळी जावं. मिरवणूक हॉलच्या दारापासून वेदीपर्यंतच काढा. मुलांना तेवढ्यानेही आनंद होतो आणि परवानगीचा प्रश्न उरत नाही.

गुरुवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी. हा कामाचा वार, म्हणून रात्री आठनंतर, आणि एका तासात संपवायचं. द्राक्षांचा हंगाम चालू असतो, तेव्हा बाटलीतलं सरबत आणण्यापेक्षा काळी द्राक्षं आणून रस घरी काढावा: धुवून, थोड्या पाण्यात उकळून, कुस्करून, गाळून. दोन किलो द्राक्षांत साठ लहान पेले निघून उरतात. पाय धुण्याचा विधी करणार असाल तर पाळकांनीच सगळ्यांचे धुवावेत असं नाही. प्रत्येकाने शेजारच्याचे धुवावेत, बायकांची आणि पुरुषांची रांग वेगळी असावी. सासू-सुना एकमेकींसमोर बसल्या तर कुणी हसू नये, एवढंच बघा.

शुभ शुक्रवारी येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार. इथे छोटी मंडळी मोठ्या चर्चच्या पुढे जाऊ शकते, कारण सात वक्ते बाहेरून आणायची तिला ऐपतही नसते आणि गरजही नसते. सात उद्गार मंडळीतल्याच सात माणसांना द्या. राख बुधवारी वाटणी करा, म्हणजे तयारीला सहा आठवडे मिळतात. वाटणी अशी:

पहिला, क्षमेचा: लूक २३:३४. दुसरा, चोराला दिलेलं वचन: लूक २३:४३. तिसरा, आई आणि शिष्य: योहान १९:२६-२७. चौथा, "माझ्या देवा": मत्तय २७:४६. पाचवा, तहान: योहान १९:२८. सहावा, "पूर्ण झाले आहे": योहान १९:३०. सातवा, आत्मा स्वाधीन करणं: लूक २३:४६.

कुणाला काय द्यायचं यात खरा विचार आहे. तहानेचा उद्गार रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या नर्सला द्या. ओठ ओले करण्यासाठी धडपडणारा माणूस तिने पाहिलेला असतो. तिसरा उद्गार आईला गावी ठेवून इथे राहणाऱ्या मुलाला. चौथा मात्र घाईने कुणा तरुणाला देऊ नये. ज्याने काही सोसलं आहे आणि जो त्यावर बोलू शकतो, त्यालाच.

प्रत्येकाला सात मिनिटं. लिहून आणायचं, वाचून दाखवलं तरी चालेल. पाळकांनी ते दोन आठवडे आधी एकदा ऐकावं, पण स्वतःचं त्यात घालू नये. वाचन, मनोगत, एक गायन आणि थोडी शांतता धरली की एका उद्गाराला पंधरा मिनिटं होतात, म्हणजे सगळे मिळून पावणेदोन तास. सुरुवात-शेवट धरून दोन तास. बारा ते तीनचा पूर्ण वेळ भरलाच पाहिजे असा आग्रह धरू नका. एक ते तीन ठेवा. प्रत्येक मनोगतानंतर पाळक उठून त्याचा अर्थ पुन्हा समजावून सांगू लागले, तर मात्र चार वाजतील.

गायनं ठरवताना नारायण वामन टिळकांकडे वळावं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग-ओवीच्या वळणाने ख्रिस्ती भक्ती मराठीत आणली, आणि शुभ शुक्रवारच्या शांततेला ती चाल मानवते. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या शब्दांवर आता स्वामित्वहक्क नाही आणि त्या ओळी पुस्तिकेत छापायला अडचण नाही. शास्त्रवाचनासाठी भाषांतर एकच ठरवा. निम्मे जुन्यातून आणि निम्मे नव्यातून वाचू लागले की एकत्र वाचन म्हणजे गोंगाट होतो.

पत्र्याचं छप्पर असलेला हॉल एप्रिलमध्ये दुपारी भट्टी होतो. उपाशी असलेल्या म्हाताऱ्यांना पंख्याखाली जागा, दाराशी पाण्याचा पिंप, मधुमेहवाल्यांना आधीच सांगून ठेवणं की उपवास सक्तीचा नाही. शेवटच्या उद्गारानंतर सूचना वाचू नका, रविवारच्या नाश्त्याची वर्गणी मागू नका. लोकांना गप्प बाहेर पडू द्या. लिंबूसरबत किंवा पेज बाहेरच्या व्हरांड्यात.

शनिवारी साफसफाई, फुलं, अंडी. अंडी उकडताना पाण्यात हळद, बीट किंवा कांद्याची सालं घातली की छान रंग चढतात. मात्र हे काम रात्री उशिरा करून अंडी फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात उकडलेली अंडी बाहेर दोन तासांवर ठेवू नयेत.

ईस्टरची पहाट

सूर्योदयाची उपासना हा या सणाचा गाभा, आणि गोंधळही इथेच जास्त होतो.

आधी दिशा बघा. वाशी, नेरूळला खाडी पश्चिमेला आहे. तिथे पाण्यावर सूर्यास्त छान दिसतो, सूर्योदय नाही. पूर्वेला पारसिकची डोंगररांग आहे, त्यामुळे सूर्य पंचांगातल्या वेळेपेक्षा थोडा उशिरा दिसतो. ठाणे पूर्वेला कोपरीच्या बाजूने खाडीकाठी उभं राहिलं तर पूर्व मोकळी मिळते. येऊरचा विचार कुणीतरी दरवर्षी मांडतं. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, बिबटे आहेत, वन विभागाचं फाटक आहे. अंधारात म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन तिथे जाऊ नये. माझ्या मते सगळ्यात चांगली जागा म्हणजे एखाद्या विश्वासी कुटुंबाच्या इमारतीची गच्ची, सेक्रेटरींच्या लेखी संमतीने. कठडे उंच हवेत आणि लिफ्ट चालू हवी.

वेळ: मार्चअखेरीस आपल्याकडे सूर्योदय साडेसहाच्या पुढे होतो, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सव्वासहाच्या आसपास. साडेपाचला जमावं. सहापर्यंत माईक नाहीच, आणि नसलेलाच बरा. अंधारात एकाने मार्क १६ किंवा योहान २० वाचावं, हातातल्या एका मेणबत्तीवरून सगळ्यांच्या पेटवाव्यात, आणि उजाडताना पाळकांनी "प्रभू उठला आहे" म्हणावं, सगळ्यांनी "खरोखर उठला आहे" म्हणून उत्तर द्यावं. ते शेजारच्या इमारतीत ओरडून ऐकवायची गरज नाही. पाच-साडेपाचला झोपलेली माणसं आपलीच शेजारी आहेत. काही मंडळ्या ही उपासना दफनभूमीत करतात. आपली माणसं जिथे पुरली आहेत तिथे उभं राहून हे शब्द म्हणण्यात जोर आहे, पण फाटक उघडायची वेळ आणि व्यवस्थापनाची परवानगी आठवडाभर आधी पक्की हवी.

तिथून हॉलवर. सातच्या सुमारास नाश्ता, मग मुख्य उपासना आणि प्रभुभोजन. बाप्तिस्मे असतील तर तेही आजच. बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळीने खाडीचा मोह टाळावा. गाळ आणि भरती यांचा भरवसा नाही. भाड्याची टाकी किंवा ओळखीच्या ठिकाणचा तलाव बघावा. साठ माणसांच्या नाश्त्याला चार किलो पोहे, माणशी एक अंडं, चहा आणि मुलांना दूध एवढं भरपूर होतं.

सगळं दहापर्यंत संपवा. कारण रविवार आहे, आणि रविवारी मेगा ब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद. हार्बर आणि ट्रान्सहार्बर मार्गांवर तो बहुधा सकाळी अकराच्या सुमारास सुरू होतो आणि दुपारभर चालतो. तोवर ऐरोलीहून पनवेलकडे जाणारं कुटुंब गाडीत बसलेलं असावं. रेल्वेची सूचना एक-दोन दिवस आधी येते, ती मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचं काम एका पोराकडे सोपवा. दुपारचं मोठं जेवण ठेवूच नये. ज्याला त्याला घरी जाऊन मटण शिजवायचं असतं आणि पहाटे चारला उठलेली माणसं तेव्हा पेंगत असतात.

पायरी सहावी: नाताळ

आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीचे, चार रविवार साधेच: दर रविवारी एक मेणबत्ती जास्त, एक भाकितवाचन. २०२६ मध्ये पहिला रविवार २९ नोव्हेंबरला येतो. स्टारसाठी दिवाळी संपल्यावर लगेच बाजारात जा. बांबूच्या काड्या आणि पतंगी कागद तेव्हा उरलेला असतो, कंदीलवालेही स्वस्तात करून देतात.

गायनफेरी नोड (नवी मुंबईतले विभाग) धरून आखा. एका संध्याकाळी ऐरोली-घणसोली, दुसऱ्या संध्याकाळी वाशी-सानपाडा, तिसऱ्या संध्याकाळी ठाणे-कळवा. एका दिवशी चार घरांपेक्षा जास्त नको. गेटवर वॉचमनकडे नावांची यादी आधी पाठवा, वीस जण ढोलकीसह अचानक उभे राहिले तर तो बिचारा काय करणार. घरात दोन गायनं, एक वाचन, प्रार्थना, आणि फक्त चहा. "फक्त चहा" हे मंडळीत जाहीर करा. नाहीतर पहिल्या घरात समोसा असतो आणि चौथ्या घरापर्यंत बिर्याणी होते. ज्यांच्या घरी तेवढं जमत नाही ती माणसं मग फेरीच नको म्हणतात. साडेनऊला थांबा.

शेजाऱ्यांना बोलवायचं ते चोवीसच्या संध्याकाळी, सात ते साडेआठ. मध्यरात्रीच्या उपासनेचं आकर्षण मला समजतं, पण परतीच्या गाडीचा आणि आवाजाच्या नियमाचा विचार करता छोट्या मंडळीला ते झेपत नाही. आमंत्रण सरळ असावं: ही ख्रिस्तजन्माची उपासना आहे, गायन होईल, मुलांची नाटिका होईल, फराळ आहे, यायचं तर या. मुलांना खाऊचं आमिष दाखवून आणू नये, कुणाच्या हातात न मागता पत्रकं कोंबू नयेत. आपल्याबद्दल शंका घेणारे आहेत, हे उघड आहे. त्या शंकेला आपण कारण देऊ नये.

नाटिका मराठीत आणि पंधरा मिनिटांचीच. धर्मशाळेत जागा नाही हा प्रसंग नवी मुंबईतल्या पोरांना शिकवावा लागत नाही. डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार आणि "कुटुंब चालेल, पण..." असं बोलणारा एजंट त्यांनी घरात ऐकलेला असतो. संवाद त्यांनाच लिहू द्या.

फराळ आपलाच: करंज्या, शंकरपाळी, चकल्या. दिवाळीत शेजारणीकडून आलेलं ताट आता भरून परत जातं. करंज्या एका शनिवारी एकाच घरी मिळून कराव्यात, आणि नारळ खवायला पुरुषांनी बसावं. मार्गशीर्षातले गुरुवार याच दिवसांत येतात, शेजारच्या बायकांचे उपवास असतात. म्हणून शेजाऱ्यांच्या ताटात अंड्याचा केक नको, वेगळा बिनअंड्याचा ठेवा आणि तसं सांगा. पंचवीसच्या सकाळी नऊची उपासना उरलेल्या माणसांची, तासाभराची. एकट्या राहणाऱ्यांना त्यानंतर कुणाच्या तरी घरी जेवायला न्यायचं, आणि कोण कुणाकडे जाणार हे आदल्या रविवारीच ठरवायचं.

पायरी सातवी: पैसे

दोन्ही सणांचा खर्च वेगळ्या पानावर लिहा. वर्गणी बांधून देऊ नका, पाकिटं द्या. अर्पण दोघांनी मोजायचं आणि दोघांनी सही करायची. हॉल, साऊंड आणि जेवण यांतच बहुतेक पैसा जातो, तिथे कात्री लावा. मुलांच्या वस्तूंत कंजुषी नको. परदेशी नागरिक असलेल्या कुणी किंवा परदेशी संस्थेने सणासाठी पैसे देऊ केले, तर विदेशी अंशदानाच्या २०१०च्या कायद्याखाली नोंदणी असल्याशिवाय मंडळीने ते घेऊ नयेत.

गावाहून परत आल्यावर

प्रीतिभोजन पंचवीस डिसेंबरला ठेवण्याऐवजी सहा जानेवारीच्या लगतच्या रविवारी ठेवा. हा बाळ येशूला भेटायला आलेल्या मागी लोकांचा (पूर्वेकडच्या ज्ञान्यांचा), प्रकटीकरणाचा सण, आणि तोवर सगळे परतलेले असतात. हॉलची लग्नसराईही जरा ओसरलेली असते. माणशी शंभर ग्रॅम तांदूळ धरा, म्हणजे साठ जणांना सहा किलो, आणि चिकन दहा-बारा किलो. पाच-सहा जण शाकाहारी असतातच, त्यांची भाजी आधी बाजूला काढा. गावच्या चर्चमधल्या नाताळाबद्दल दोघांना बोलायला सांगा. जेवणानंतर भांडी घासायच्या आधी वडिलांनी दहा मिनिटं बसावं आणि लेंटच्या बुधवारांसाठी घरं ठरवून टाकावीत. राख बुधवार लवकर असेल त्या वर्षी हातात पाचच आठवडे उरलेले असतात.